परगणे इंदापूर व बारामतीकडील घरगणती

जुन्या कागदांत "घरें इतकीं" असा आंकडा सांपडला कीं त्यास पांचानें गुणावें आणि आलेला गुणाकार ही त्या गांवची लोकसंख्या समजावी, अशी एक रीत आपल्याकडील लेखकांत रूढ झाली आहे. रीत सोपी आहे, म्हणूनच ती टिकली. परंतु इंदापूर परगणा आणि कसबे बारामती या टापूंत निरनिराळ्या अमलांत ज्या ज्या प्रकारच्या याद्या होत असत, त्या एकमेकींशेजारीं ठेवून पाहिल्या तर पहिली शंका त्या पांचांविषयीं येत नाहीं. ती "घर" या शब्दाविषयींच येते. ज्यानें घर मोजलें, त्यास त्या घरापासून जें घ्यावयाचें होतें तेवढेंच त्यानें मोजलें.

प्रथम या मुलखाचा स्वभाव ध्यानांत घेतला पाहिजे. इंदापुराच्या उत्तरेस व पूर्वेस भीमा, दक्षिणेस नीरा, आणि दोहोंचा संगम नीरा नरसिंहपुरास. बारामती कऱ्हेच्या कांठीं. पाऊस बेभरंवशाचा, पीक मुख्यत्वें ज्वारीचें. अशा प्रदेशांत एकाच जागीं पिढ्यानपिढ्या स्थिर असलेलें कुटुंब हा नियम नसून तें त्या कुटुंबाचें भाग्य होय. नीराकांठच्या कुळास नदी उतरली कीं पलीकडे फलटणचे निंबाळकर. म्हणजे एका दप्तरांतून नांव उठलें, तरी माणूस हांकेच्या अंतरावरच असे.

पेशवाईंतील खानेसुमारीचे कागद या विषयाचें मुख्य साधन. त्यांत घरधन्याचें नांव, खालीं पुरुष, बायका, मुलगे, मुली, क्वचित् कुणबिणी व चाकर, आणि पुढें गुरेंढोरें असा तपशील येतो. सुमित गुहा यांनीं १९९८ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत, सुमारें १७०० ते १९५० या काळांतील पश्चिम हिंदुस्थानांतल्या कुटुंबांच्या आकारमानाचा विचार करतांना, या साधनाचा चांगला उपयोग केला आहे. मिचिहिरो ओगावा यांचा पुणें विद्यापीठाचा प्रबंध तर १७६१ ते १८२८ या काळांतील खुद्द इंदापूर परगण्यावरच आहे. तरीहि संग्राहकांच्या दृष्टीनें हे कागद अद्याप हलकेच समजले जातात. सनद मिळाली तर ती चौकटींत बसवितात. खानेसुमारी मिळाली तर तिचा उपयोग सनदेस वेष्टण म्हणून होतो!

मोठें एकत्र कुटुंब हें आपल्या पूर्वजांचें सामान्य लक्षण होतें, असें मानण्याचा मोह या कागदांपुढें टिकत नाहीं. मोठें घर हें बहुधा मोठ्या माणसाचें असतें. बारामतीकर नाईक जोशी यांचें घराणें घ्या. सावकारी घराणें, पहिल्या बाजीरावाची बहीण भिऊबाई या घराण्यांत आबाजी नाइकांस दिलेली. अशा वाड्यांत भाऊबंद, विधवा, आश्रित, कारकून, शागीर्द, कुणबिणी असा सगळा पसारा एका नांवाखालीं वावरे. मोरोपंत (१७२९–१७९४) पन्हाळ्याहून येऊन बारामतीस राहिले व तेथेंच वारले, ते बाबूजी नाइकांच्या आश्रयानें. तथापि त्यांचें बिऱ्हाड निराळें. आतां पंतांस नाइकांच्या पदरचा माणूस म्हणून लिहावयाचें कीं स्वतंत्र घर म्हणून? भोजनाच्या दृष्टीनें एक उत्तर, उपजीविकेच्या दृष्टीनें दुसरें. उलट, साध्या कुणब्याचें किंवा उपऱ्याचें घर म्हणजे नवरा, बायको, दोन-तीन लेंकरें, फार झालें तर म्हातारी आई. वाड्याचीं आणि झोपड्यांचीं माणसें मिळवून सरासरी काढली, तर ती सरासरी गांवांतील एकाहि उंबऱ्याआड राहत नसते.

मोहतर्फ्याच्या याद्यांत तर घर हा शब्दच मागें पडतो. तेथें तेल्याचा घाणा मोजावयाचा, साळ्या-कोष्ट्याचा माग मोजावयाचा, वाण्याचें दुकान मोजावयाचें. दोन भाऊ एका घाण्यावर असले तर एकच रकम, आणि एकाच घरांत दोन माग असले तर दोन. बलुतेदारांची गोष्ट आणखी वेगळी. महारवतनाचीं घरें पाळीनें गांवची चाकरी करीत. गांवास पाळीचा माणूस पाहिजे, त्याच्यामागें खाणारीं तोंडें किती याची दप्तरास गरज नव्हती. म्हणून ज्यांच्या श्रमावर गांव चाले, त्यांचींच घरें कागदांत बहुधा एका ओळींत आटोपलेलीं आढळतात. या एका ओळीस पांचानें गुणणारा लेखक अर्धा गांव गमावून बसतो, आणि तें त्यास कळतहि नाहीं.

थळझाड्यांत या उलट प्रकार. तेथें नसलेलीं घरें असतात! गांवची जमीन मूळ मिरासदार कुळांच्या थळांत वांटलेली. कूळ नष्ट झालें तरी थळाचें नांव राहतें, आणि जमीन "गतकूळ" म्हणून लिहिली जाते. १८२४ पासून मुंबई सरकारच्या वतीनें दक्षिणेची माहिती जमविणाऱ्या साइक्सचें लक्ष या नष्ट कुळांच्या थळांकडे वेधलें होतें. या टापूस कुळें गत होण्यास निमित्तें पुष्कळ मिळालीं: १६३०-३१ चा दुष्काळ, पुढें ऑक्टोबर १८०२ मध्यें होळकरांच्या फौजेनें बारामतीजवळ पेशव्यांच्या सैन्याचा केलेला मोड व त्या धुमाळींतील लूट, आणि लगोलग १८०३-०४ चा दुष्काळ. त्यानंतर ओसाड गांवें पुन्हां वसविण्यासाठीं कौल व इस्तावे द्यावे लागले. इस्तावा घेऊन आलेला माणूस नवा कीं परागंदा झालेला जुनाच, हें केवळ नांवावरून ठरवूं नये. आडनांव न लिहितां नुसतें "संताजी वलद राणोजी" असें लिहिण्याची चाल असल्यानें फसगत व्हावयास वेळ लागत नाहीं.

यापेक्षांहि सूक्ष्म अडचण तिथीची आहे. कागदाच्या माथ्यावर शुहूर सन अरबी शब्दांत असतो. "सीत सितैन मया व अलफ" म्हणजे ११६६, म्हणजे इ. स. १७६५-६६. हा सन मृगापासून मोजतात; पण त्याखालची तारीख चांद्र महिन्याची, "छ" हें अक्षर घालून दिलेली असते. आतां हिजरी महिने ऋतूंस बांधलेले नाहींत. त्या वर्षींचा रजब डिसेंबर १७६५ च्या मध्यास लागला. सोळा वर्षांनीं, "इसन्ने समानीन मया व अलफ" या सालीं, तोच रजब जून १७८१ च्या चौथ्या आठवड्यांत आला. वाचकांस हा हिशेब कोरडा वाटेल. परंतु या बाजूस धनगरांची वस्ती दाट आहे, आणि मेंढरें घेऊन फिरणाऱ्या धनगरांचे वाडे दिवाळीनंतर घाट उतरून कोंकणांत जातात व पावसाच्या तोंडीं परततात. तेव्हां दोन्ही कागदांवर "रजब" च लिहिला असला, तरी पहिल्या यादीच्या वेळीं धनगरवाड्यांत म्हातारींकोतारीं तेवढीं असणार, दुसरीच्या वेळीं सगळें घरदार. सोळा वर्षांत धनगरांची संख्या दुप्पट झाली असा सिद्धांत एखाद्यानें मांडला, तर त्याचा दोष धनगरांकडे नसून जंत्री न उघडण्याकडे आहे.

इंग्रजी अमलांत हा घोटाळा संपला असें समजूं नये; त्याचें रूप बदललें इतकेंच. १८२८ नंतर प्रिंगल यानें जी मोजणी केली ती निव्वळ उत्पन्नाच्या तत्त्वावर. आकार जबर बसला आणि लोक जमिनी टाकून निघून गेले. पुढें १८३५-३६ त गोल्डस्मिड व विंगेट यांनीं इंदापुरांत आकार उतरवून तीस वर्षांचा बंदोबस्त केला. मुंबई इलाख्याच्या नव्या जमाबंदीचा पाया तो हाच. पण या पद्धतींत मोजमापाचें एकक शेताचा नंबर, आणि माणूस म्हणजे खातेदार. चार भावांचें खातें थोरल्याच्या नांवें, किंवा एकाच माणसाचीं खातीं तीन गांवीं. खानेसुमारींत निदान बायका-मुलें दिसत. जमाबंदीच्या पत्रकांत तीं नाहींशीं झालीं.

तीं परत आलीं खानेसुमारीच्याच नव्या अवतारांत. या इलाख्याची पहिली शिरगणती २१ फेब्रुवारी १८७२ रोजीं झाली, दुसरी १७ फेब्रुवारी १८८१ रोजीं. त्या रात्रीं जो जेथें आढळला तो तेथला. म्हणजे धनगर पुन्हां कोंकणांतच! पुढें नीरेचा डावा कालवा आला, ऊंस आला, सासवडकडील माळी कुटुंबें पाण्यामागें सरकलीं, आणि लोक गांवठाण सोडून मळ्यांतल्या वस्त्यांवर राहूं लागले. १९५१ च्या गणतींत घर व कुटुंब हीं दोन निराळीं धरलीं गेलीं आणि एका चुलीवर जेवणारीं तें कुटुंब, ही खूण ठरली. ती चांगली आहे. मात्र चूल कायद्यालाहि ओळखते. १९६१ चा कमाल जमीनधारणेचा कायदा येतांच, एका चुलीवर जेवणाऱ्या भावांच्या कागदोपत्रीं वांटण्या झाल्या. उजनीच्या धरणांत (हें १९८० सालीं पुरें झालें) पळसदेवासारखीं भीमाकांठचीं गांवें गेलीं, तेव्हां कुटुंब किती माणसांचें, हा प्रश्न पुनर्वसनाच्या जमिनीचा होऊन बसला.

२०११ च्या जनगणनेंत बारामती तालुक्याची लोकसंख्या ४,२९,६०० आणि इंदापूरची ३,८३,१८३ आहे. गणतीचे दिवस ९ ते २८ फेब्रुवारी, म्हणजे माळेगांव, सोमेश्वर, भवानीनगर येथील साखर कारखान्यांचा ऐन हंगाम. बीडकडून येणारे ऊंसतोडणी मजूर त्या वेळीं कोप्या घालून याच तालुक्यांत असतात. त्यांची जी यादी खरोखर ठेवली जाते, ती मुकादमाच्या वहींत. तींत घर नाहीं, चूल नाहीं, खातें नाहीं, "कोयता" आहे. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा असेल तर "अर्धा कोयता". समोर उचलीची रकम. कोपींत झोपलेलें मूल या वहींत येत नाहीं.

अशा वह्या हंगाम संपला कीं रद्दींत जातात. ज्यांच्या घरीं जुन्या खानेसुमाऱ्या, मोहतर्फ्याच्या यादी किंवा थळझाडे असतील त्यांस विनंति आहे कीं रुमाल फोडूं नये, माथ्यावरील सन व तारीख फाटूं देऊं नये, आणि पाठीमागचा शेरा कोरा समजून त्यावर नवा क्रमांक चिकटवूं नये. यादी कोणीं व कशासाठीं केली, तें पुष्कळदां त्या शेऱ्यांतच असतें. आणि मुकादमाची एखादी वही हातीं आली, तर तीहि त्याच रुमालांत बांधून ठेवावी. वर गांवाचें नांव, कारखान्याचें नांव आणि हंगामाचें साल तेवढें लिहावें.