काळीपरज

काळीपरज : दक्षिण गुजरातमधील आदिवासी जमातींना उद्देशून उच्चवर्णीय समाजात रूढ असलेली अवहेलनादर्शक संज्ञा. ‘परज’ हे ‘प्रजा’ या शब्दाचे गुजराती रूप असून काळीपरज म्हणजे काळे लोक. याच्या उलट ब्राह्मण, वाणी, पाटीदार, पारशी इत्यादींना ‘उजळीपरज’ म्हणत. चौधरी, गामीत, धोडिया, कोकणा, दुबळा, नायका, वारली इ. परस्परभिन्न जमाती या एकाच शब्दाखाली मोडत. त्यांच्या भाषा, दैवते व विवाहसंबंध वेगवेगळे होते. समान होते ते एवढेच, की जमीन, कर्ज आणि मद्य या तिन्ही बाबतींत त्या उजळीपरजेवर अवलंबून होत्या. तेव्हा या नावातील वर्णभेद कातडीच्या रंगापेक्षा सत्तेचाच अधिक द्योतक होता, असे म्हणावे लागते. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी तो शब्द जसाच्या तसा स्वीकारला. सुरत जिल्ह्याच्या १८७७ च्या गॅझेटियरमध्ये तो वर्गवाचक संज्ञा म्हणून आढळतो.

नवापूर परिसरात या नावाची कथा थोडी निराळी आहे. गुजरातेतील सोनगढ, उच्छल व डांग या प्रदेशांना भिडलेला हा तालुका त्या काळी पश्चिम खानदेश जिल्ह्यात मोडत असे (१९९८ पासून नंदुरबार जिल्हा). सरहद्दीपलीकडचे गामीत अलीकडे गावित वा मावची म्हणून ओळखले जातात. त्यांची सोयरीक सरहद्द पाळत नाही. सुरत–भुसावळ लोहमार्गावरील नवापूर स्थानकाचा काही भाग महाराष्ट्रात व काही गुजरातेत आहे, ही गोष्ट या संदर्भात बोलकी आहे. खानदेशात मात्र काळीपरज हा शब्द रुजला नाही. तेथे सरसकट ‘भिल्ल’ म्हणण्याचा प्रघात होता आणि १८८० च्या खानदेश गॅझेटियरनेही मावचींची गणना भिल्लांच्या पोटविभागांत केली. एकाच जमातीला एका बाजूस रंगावरून, तर दुसऱ्या बाजूस शेजारच्या जमातीवरून नाव मिळाले; दोन्ही नावे देणारे बाहेरचे होते.

काळीपरज या नावाला खरा धक्का बसला तो १९२२ च्या देवी चळवळीने. ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील कोळी लोकांत देवीच्या साथीच्या निवारणार्थ सुरू झालेला हा विधी डोंगराळ मुलखातून सरकत डांग, खानदेश, सुरत जिल्हा व बडोदे संस्थानचा सोनगढ भाग येथवर पोहोचला. अंगात आलेल्या व्यक्तीच्या मुखातून देवी आज्ञा देई : दारू व ताडी सोडा, मांस वर्ज्य करा, रोज स्नान करा, मद्यविक्रेत्या पारशी जमीनदारांकडे मजुरीस जाऊ नका. १८७८ च्या अबकारी कायद्याने घरगुती मद्य गाळण्यास बंदी होऊन मक्तेदारांची दुकाने गावोगाव झाली होती, हे लक्षात घेता शेवटच्या आज्ञेचा रोख स्पष्ट होतो. काळीपरजेला ज्या आचारावरून हिणवले जाई, तोच तिने एका हंगामात टाकून दिला. कोणा सुधारकाने हे घडवून आणले नव्हते. काँग्रेसचे कार्यकर्ते तेथे नंतर आले.

म. गांधींनी १९२५ च्या जानेवारीत वेडछी येथील काळीपरज परिषदेत भाषण केले, तेव्हाही परिषदेचे नाव तेच होते. त्यानंतर कार्यकर्त्यांनी ‘रानीपरज’ म्हणजे रानातील लोक असे नाव योजिले व १९२८ च्या बारडोली सत्याग्रहापर्यंत ते रूढ झाले. रंगाचा उल्लेख गेला; परंतु रानाचा आला. मराठी वाचकास येथे ‘रानटी’ हा शब्द आठवल्याशिवाय राहणार नाही. ‘जंगली’ या शब्दाचा प्रवासही असाच आहे. संस्कृतमध्ये ‘जांगल’ म्हणजे कोरडा, विरळ झाडांचा, आयुर्वेदाच्या मते आरोग्यदायी प्रदेश. पुढे जंगल म्हणजे दाट अरण्य झाले आणि जंगली म्हणजे असंस्कृत. इंग्रजीनेही हा शब्द हिंदुस्थानातूनच उचलला. १९ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेत जयपालसिंग मुंडा यांनी आपण जंगली असल्याचा अभिमान वाटतो, असे सांगून हे दूषण उघडपणे अंगीकारले.

विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापासून ‘आदिवासी’ ही संज्ञा प्रसृत झाली व रानीपरज हळूहळू मागे पडला. डेव्हिड हार्डिमन यांनी देवी चळवळीवरील आपल्या १९८७ च्या इंग्रजी ग्रंथात आदिवासी हाच शब्द विचारपूर्वक योजिला आहे. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत गामीत, गामटा, गावित, मावची व पाडवी यांची एकत्र नोंद आहे. काळीपरज वा रानीपरज यांपैकी एकही नाव तीत नाही. ‘दुबळा’, म्हणजे अशक्त, हे हिणकस नाव मात्र, त्याऐवजी सुचविलेल्या ‘हळपती’ (नांगराचा धनी) या नावाच्या शेजारी अद्याप छापले जाते.