दोन माशा, एक नाव : स्क्रूवर्मच्या ओळखीचा इतिहास

१/ विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिणेकडील कुरणांत जनावरांच्या जखमांत किडे पडणे ही दरवर्षीची आपत्ती होती. डाग दिल्याचा व्रण किंवा नवजात वासराची ओली नाळ एवढे निमित्त पुरे होई. माशी तेथे अंडी घालीत असे आणि अळ्या जिवंत मांस खात आत शिरत. स्क्रूसारख्या रुतणाऱ्या या अळ्यांना 'स्क्रूवर्म' हे नाव पडले.

२/ ही कोणत्या माशीची अळी, याविषयी फारशी शंका घेतली जात नव्हती. फाब्रिसियसने १७७५ मध्ये वर्णिलेली, निळसर-हिरवी, पाठीवर तीन काळे पट्टे असलेली 'मॅसेलेरिया' हीच ती, असे मानले जाई. ही माशी मृत जनावरांवर वाढते. म्हणून पशुपालकांना सल्ला मिळे : मेलेली जनावरे जाळा आणि सापळे लावा. सापळे भरत, तरी जखमांतील किडे थांबत नसत.

३/ वास्तविक निराळा पुरावा फार पूर्वी छापला गेला होता. फ्रेंच गयानातील कायेन येथे एका कैद्याच्या नाकात अळ्या सापडल्या. फ्रेंच नौदलाचे शल्यवैद्य शार्ल कोकरेल यांनी १८५८ मध्ये त्यांच्या माशीला 'होमिनिव्होरॅक्स', म्हणजे मनुष्यभक्षक, असे नाव दिले. पुढे मात्र हे नाव मॅसेलेरियाच्या सावलीत हरवले.

४/ हा गुंता १९३३ मध्ये लिव्हरपूल येथे सुटला. तेथे वॉल्टर पॅटन हे कीटकशास्त्रज्ञ होते. त्यांनी पूर्वी इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये काम केले होते आणि फ्रान्सिस क्रॅग यांच्यासह लिहिलेला त्यांचा वैद्यकीय कीटकशास्त्रावरील ग्रंथ १९१३ मध्ये मद्रासेत प्रसिद्ध झाला होता. अमेरिकेचे एमरी कुशिंग आणि पॅटन यांनी नर माश्यांच्या जननांगांची सूक्ष्मदर्शकाखाली तुलना केली. एका नावाखाली दोन भिन्न जाती नांदत होत्या!

५/ जिवंत मांसावर जगणाऱ्या जातीला त्यांनी 'अमेरिकाना' हे नाव दिले. ती कोकरेल यांचीच होमिनिव्होरॅक्स असल्याचे पुढे स्पष्ट झाले. मॅसेलेरिया जखमेवर येते, पण बहुधा मागाहून, कुजलेल्या मांसासाठी.

६/ ओळखीची 'की' म्हणजे प्रश्नांची साखळी. प्रत्येक पायरीवर दोन पर्याय. अळीच्या मागील भागातील श्वासनलिका अनेक खंडांपर्यंत काळ्या दिसतात का? दिसत असतील तर होमिनिव्होरॅक्स. माशीच्या पोटाच्या शेवटच्या दृश्य खंडावर दोन्ही बाजूंस रुपेरी ठिपके आहेत का? असतील तर मॅसेलेरिया. वरून काढलेल्या छायाचित्रात निळी चमक आणि तीन पट्टे दोघींचेही दिसतात. निर्णायक खुणा बहुधा दिसत नाहीत.

७/ या भेदाने उपायाची दिशाच पालटली. खरी शत्रू मृत जनावरांवर वाढतच नसेल, तर ती जाळून तिचे काय बिघडणार? शिवाय केवळ जखमांवर अवलंबून असल्याने तिची संख्या मॅसेलेरियाच्या तुलनेने अल्प होती आणि तिची मादी सहसा एकदाच समागम करते. एडवर्ड निपलिंग यांनी यातूनच विचार मांडला : प्रयोगशाळेत वाढवून वंध्य केलेले नर असंख्य सोडले, तर माद्यांची अंडी निष्फळ ठरतील.

८/ रेमंड बुशलंड यांच्या सहकार्याने हा विचार सिद्धीस गेला. १९५४ मध्ये कुरासाव या कॅरिबियन बेटावरून माशी नाहीशी झाली आणि १९५९ पर्यंत फ्लोरिडासह अमेरिकेच्या आग्नेय भागातूनही. १९८८ मध्ये ती लिबियात आढळली, तेव्हा मेक्सिकोतून विमानाने वंध्य माशांचे कोष आणले गेले. १९९२ मध्ये लिबिया मुक्त घोषित झाला. त्याच वर्षी निपलिंग व बुशलंड यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

९/ नोव्हेंबर २०२४ मध्ये ही माशी पुन्हा मेक्सिकोत आढळली. आज शेतकऱ्याच्या मोबाइलवरील छायाचित्राने संशय लवकर येतो, पण निर्णयासाठी अळी मद्यार्कात बुडवून प्रयोगशाळेकडेच धाडावी लागते. वंध्य नर एकाच जातीवर चालतात; जात चुकली, तर कोट्यवधी माशा सोडूनही एक वासरू वाचणार नाही.