प्रशस्ती आणि पूल : कंपोंग क्डेईचा ‘स्पिअन प्राप्तोस’

कंबोडियातील सिएम रीपहून राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ ने आग्नेयेस सुमारे ६० किलोमीटर गेल्यावर कंपोंग क्डेई हे गाव लागते. तेथील ‘स्पिअन प्राप्तोस’ हा पूल सामान्यतः सातव्या जयवर्मनच्या काळातील (राज्यारोहण इ. स. ११८१) मानला जातो. सुमारे ८५ मीटर लांबीचा, २० हून अधिक कमानींचा हा पूल जांभ्या दगडात बांधलेला आहे. जड वाहनांसाठी वळणरस्ता झाला असला, तरी दुचाक्या आणि पादचारी आजही यावरूनच नदी ओलांडतात. कठड्यांच्या टोकांशी अनेक फणांचे नाग उभे आहेत.

भारतीय अभ्यासकाची दृष्टी प्रथम या नागांवर स्थिरावते, आणि ते स्वाभाविकही आहे. १९२६ मध्ये कलकत्त्यात स्थापन झालेल्या ‘ग्रेटर इंडिया सोसायटी’पासून कंबुजदेश आपल्याकडे मुख्यतः संस्कृत शिलालेखांमधून वाचला गेला. त्या लेखांची साक्ष मोलाची आहे. ता प्रोम येथील ११८६ चा लेख १०२ आरोग्यशाळांची, तर प्रेअह खान येथील ११९१ चा लेख मार्गांवरील १२१ ‘वह्निगृहां’ची, म्हणजे पांथस्थांच्या विश्रामस्थानांची, गणना करतो. राज्यकारभार येथे राजाचे पुण्य बनून संस्कृत पद्यात अवतरतो.

तथापि ख्मेर शिलालेखांची जुनी परिपाटी द्वैभाषिक होती. देवतास्तुती आणि राजवंशाची प्रशस्ती संस्कृतात; शेतांच्या सीमा, धान्य आणि सेवकांच्या याद्या ख्मेरमध्ये. जयवर्मनच्या या दोन लेखांत हिशेबही संस्कृतात गेला. मग व्यवहाराची देशी बाजू कोठे शोधावी? ती काही अंशी अशा पुलांतून वाचता येते. ‘स्पिअन’ म्हणजे पूल. हा शब्द ख्मेर असून थाई ‘सफान’चा सोयरा आहे.

रचनाही तेच सांगते. पाचरीसारखे दगड एकमेकांत रोवून साधलेली कमान येथे नाही. दोन्ही बाजूंचे थर पायरीपायरीने पुढे सरकवून माथ्यावर जुळवले आहेत. या पद्धतीत गाळा रुंद करता येत नाही. म्हणून गाळे अरुंद आणि त्यांची संख्या मोठी, खांब जाड आणि जवळजवळ. परिणामी पुराच्या पाण्याला अडथळा होतो. अंगकोर येथील ‘स्पिअन थ्मा’ या पुलाला तर नदीने बाजूने नवा मार्ग काढून मागेच टाकले. कंपोंग क्डेईचा पूल मात्र टिकून वापरात राहिला.

प्रशस्तीत राजाचे पुण्य अक्षय असते; पुलाला मात्र दर पावसाळ्यात पाण्याशी हिशेब करावा लागतो. संस्कृत लेख आणि जांभ्याचा पूल ही एकाच राज्याची दोन वाङ्मये मानली, तर ‘प्रभाव’ या एका शब्दाने कंबुजाचा इतिहास सांगणे अपुरे ठरते. नाग आणि वह्निगृह हे शब्द भारतातून गेले, हे खरे; पण ते ज्या वाटेवर रुजले, ती वाट ख्मेर हातांनी, ख्मेर नद्यांचा स्वभाव ओळखून बांधली होती.