चौघांची छत्री

तीर्थपुरीहून अंबड, जालना करत सिंदखेड राजाला गेलेला माणूस राजवाडा बघतो, जिजाऊंच्या जन्मस्थानी हात जोडतो आणि माघारी फिरतो. त्यांच्या वडिलांच्या, लखुजीराव जाधवांच्या समाधीकडे वळणारे थोडेच. चौकोनी दगडी बांधणी, वर घुमट. लांबून एखाद्या सुलतानाचा मकबराच वाटावा. स्वतःला देवगिरीच्या यादवांचे वंशज मानणाऱ्या घराण्याची ही छत्री, पण घडण दख्खनच्या शाह्यांची. साहजिकच आहे, लखुजींची हयात त्याच दरबारांत गेली.

१६२१च्या सुमारास ते निजामशाही सोडून मोगलांना मिळाले. भाऊबंद, मुलं-नातवंडं धरून २४,००० जात आणि १५,००० स्वारांची मनसब पदरात पडली. तरी पुढे ते परत निजामशाहकडे आले. याला फितुरी म्हणायचं, तर त्या काळचे निम्मे सरदार फितूर ठरतील! वतन आणि फौज राखायची तर धनी बदलावा लागे. निजामशाहच्या मनातली अढी मात्र गेली नाही. २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादला मुजऱ्यासाठी आलेल्या लखुजींना दगा झाला. मुलगे अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतरावही तिथेच कापले गेले. छत्रीच्या वाट्याला एकाच दिवसाचे हे चार मृत्यू आले. दुसरा मुलगा दत्ताजी आधीच गेला होता. खंडागळे सरदारांचा हत्ती बिथरला, त्यातून जाधव-भोसले भिडले आणि दत्ताजी पडला, असं बखरी सांगतात. भोसले म्हणजे जिजाऊंचं सासर. वडील मारले गेले तेव्हा जिजाऊ गरोदर होत्या. १९ फेब्रुवारी १६३०ला शिवनेरीवर शिवाजीराजे जन्मले.

इंग्लंडचा बंडखोर उमराव सायमन द माँटफर्ट १२६५मध्ये लखुजींसारखाच मुलासह मारला गेला, पण लढाईत. त्याला पुरलं तो मठही पुढे पाडला गेला.

लखुजींची छत्री टिकली. २०२४मध्ये पुरातत्त्व खात्याने तिच्या परिसरात डागडुजी काढली, तेव्हा जवळच जुन्या देवळाचा पाया लागला आणि त्याखाली सव्वादोन मीटरांवर शेषशायी विष्णू. मूर्ती १.७० मीटर लांब. लक्ष्मी पाय चेपते आहे, खाली समुद्रमंथन कोरलेलं.

दग्यानंतर लखुजींची पत्नी, मुलगा बहादूरजी आणि भाऊ जगदेवराव सिंदखेडला निसटले आणि मोगलांना मिळाले. अचलोजींच्या वंशात पुढे धनाजी जाधव झाले. त्यांनी त्याच मोगलांना दख्खनभर पळवलं.