वचनापासून वसतीपर्यंत : केडगावच्या मुक्ती मिशनची वाटचाल

केडगावच्या पंडिता रमाबाई मुक्ती मिशनची हकीकत बहुधा १८९६च्या दुष्काळापासून सांगितली जाते. मला तिचा उगम लंडनच्या फुलहॅम भागातल्या एका घरात दिसतो. १८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथल्या ख्रिस्ती धर्मभगिनींच्या आश्रयाला राहिल्या. त्या भगिनींनी त्यांना फुलहॅमचे आपले काम दाखवायला पाठवले. समाजाने वाया गेलेल्या ठरवलेल्या स्त्रियांना तिथे आसरा होता, कामधंदा होता, आणि त्यांच्याशी बोलणाऱ्यांच्या स्वरात तिरस्कार नव्हता. पुराणे मुखोद्गत असलेल्या आणि धर्मशास्त्रे अभ्यासलेल्या या विदुषीने असे काही आधी कधी पाहिले नव्हते. या बायकांची इतकी काळजी तुम्ही का घेता, असे त्यांनी विचारले. तेव्हा एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढला आणि विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट त्यांना वाचून दाखवली.

आधी काम दिसले, मग वचन कळले. मुक्ती मिशनचा सगळा इतिहास या क्रमात आहे, असे माझे ठाम मत आहे.

कारण बायबल त्यांच्या हाती त्याआधीही आले होते. कलकत्त्यात संस्कृत बायबल मिळाले होते. त्याची धाटणी त्यांना परकी वाटली आणि ते वाचणे म्हणजे वेळ दवडणे, असे तेव्हा त्यांचे मत झाले. पुढे सिलचरला संसार करत असताना घरातल्या पुस्तकांत लूकच्या शुभवर्तमानाची छोटी बंगाली प्रत सापडली. ती त्यांनी आवडीने वाचली. तरीही शास्त्र वाचणे आणि ते कुणाच्या तरी आयुष्यात चालताना पाहणे यांतले अंतर फुलहॅमला जाईपर्यंत मिटले नव्हते. त्याच वर्षी, १८८३च्या सप्टेंबरमध्ये, त्यांनी आपली छोटी लेक मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला.

पुढचा टप्पा मुंबईचा. इंग्लंडहून अमेरिकेला जाऊन, तिथे मदत उभी करून रमाबाई परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी शारदा सदन सुरू केले. ही उच्चवर्णीय विधवांची शाळा होती. पहिल्या विद्यार्थिनींमधल्या गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. शाळेत धर्मशिक्षण द्यायचे नाही, असे ठरलेले होते. मुलींना आपापले जातिनियम पाळता येत होते. १८९०च्या अखेरीस शाळा पुण्याला आली.

रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेसोबत रोज बायबल वाचत आणि प्रार्थना करत. खोलीचे दार मात्र त्या लावून घेत नसत. काही मुली येऊन बसू लागल्या, आणि त्यावरून १८९३ साली पुण्यात गदारोळ उठला. पालकांनी मुली काढून नेल्या. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागारही बाजूला झाले. ज्यांनी विश्वासाने मुली पाठवल्या होत्या त्यांची चिंता समजण्यासारखी होती, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण आईने आपल्या खोलीत लेकीबरोबर प्रार्थना करायची तर ती चोरून करावी, हेही मला पटत नाही. रमाबाईंनी दार उघडेच ठेवले.

या धामधुमीच्या आधीपासूनच रमाबाईंच्या स्वतःच्या मनात वेगळीच उलथापालथ चालू होती. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळालाच नाही, अशी टोचणी त्यांना लागली होती. १८९१च्या आसपास विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन वाचनात आले आणि त्यानंतर त्यांचे बायबलवाचन बदलले. ज्या पंडितेने शास्त्रार्थात कलकत्त्याच्या पंडितांना थक्क केले होते, ती आता शास्त्र वाद घालण्यासाठी वाचत नव्हती. दुष्काळाच्या आधी लोणावळ्याला ख्रिस्ती मंडळींचे शिबिर भरले होते. पहाटे रानात बसून त्यांनी प्रार्थना केली. त्यांच्या पंधरा मुलींनी तेव्हा प्रभूचा स्वीकार केला होता. पुढच्या शिबिरापर्यंत या पंधराचा वर्ग होऊ दे, म्हणजे २२५ होऊ दे, असे त्यांनी मागितले. मागताना इतक्या मुलींना निजवायचे कुठे आणि खायला काय घालायचे, याचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते.

मग दुष्काळ आला. मध्य प्रांतातून आणि बुंदेलखंडातून भुकेने मरणाऱ्या माणसांच्या बातम्या येऊ लागल्या. रमाबाईंना हे चित्र अनोळखी नव्हते. १८७४च्या सुमारास दक्षिणेत भटकंती करत असताना त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि थोरली बहीण उपासमारीत एकापाठोपाठ गेली होती. रमाबाईंनी पुढे लिहिलेल्या आठवणींत एक गोष्ट फार सरळपणे येते. घरात विद्या होती, पण कुणालाही हाताचे काम येत नव्हते. मोलमजुरी करायला कुळाचा अभिमान आड येई आणि भीक मागायला लाज. मुक्तीतल्या कामाच्या वेळापत्रकाची मुळे मी या आठवणीत शोधतो. १८९६–९७ मध्ये त्या स्वतः दुष्काळी मुलखात गेल्या आणि मुली घेऊन परतल्या. त्यांचा आकडा तीनशेच्या घरात गेला. पुण्यात प्लेगची साथ होती आणि इतक्या जणींना एके ठिकाणी ठेवायला सरकारी मनाई. फळबागांच्या उत्पन्नावर शाळा चालावी म्हणून केडगावला आधीच जमीन घेतलेली होती. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरच्या त्या उघड्या माळावर मुलींचा तळ पडला. १८९८च्या सप्टेंबरात मुक्तीचे रीतसर समर्पण झाले आणि पुढच्या वर्षी मोठ्या प्रार्थनामंदिराची पायाभरणी. तेवढ्यात गुजरातचा दुष्काळ आला आणि १९००च्या सुमारास वसतीने दीड हजाराचा आकडा ओलांडला.

इथे थोडे थांबतो, कारण माझ्या दृष्टीने खरी वाटचाल इथेच घडली.

दीड हजार पोटे रोज भरायची होती. अमेरिकेत उभ्या राहिलेल्या मदत मंडळाने शारदा सदनासाठी सुरुवातीला दिलेली दहा वर्षांच्या मदतीची हमी संपली होती. जॉर्ज म्युलर यांनी ब्रिस्टलमध्ये कुणापुढे हात न पसरता अनाथालये चालवली होती आणि हडसन टेलर यांचे चीनमधले काम त्याच धर्तीचे होते. त्यांची चरित्रे रमाबाईंनी वाचली होती. तोच मार्ग त्यांनी धरला. पण प्रार्थना करून त्या हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. विहिरी खणल्या. शेत, गाईगुरे, तेलघाणा, हातमाग, शिवण, धुलाईखाना आणि छापखाना उभा राहिला. शाळेत गेलेली मुलगी दुपारी मागावर बसे. शारदा सदनात जातीप्रमाणे स्वयंपाक जपला गेला होता. इथे निरनिराळ्या जातींच्या आणि प्रांतांच्या मुली एका पंगतीला बसू लागल्या. प्रभुभोजनाच्या मेजावर एका भाकरीचा वाटा घेतल्यावर जेवणघरात पंगती वेगळ्या ठेवणे शक्यच नव्हते. महाराष्ट्रातल्या कितीतरी जुन्या मंडळ्यांना हे धैर्य इतक्या लवकर झाले नव्हते, याची आठवण आपण ठेवली पाहिजे.

वसतीतली घरे पाहिली की बायबलचा अभ्यास कसा झाला असेल ते कळते. दुष्काळातून आलेल्या मुलींमध्ये फसवलेल्या, विकलेल्या, रोगांनी पोखरलेल्या मुलीही होत्या. त्यांच्यासाठी कृपा सदन झाले. फुलहॅममध्ये ऐकलेला योहानाचा चौथा अध्याय पंधराएक वर्षांनी केडगावच्या मातीत भिंती आणि छप्पर होऊन उभा राहिला. म्हाताऱ्या आणि अपंग बायांसाठी प्रीती सदन झाले. अंधांसाठी बार्तिमी सदन झाले. यरीहोच्या वाटेवर बसलेल्या आंधळ्या बार्तिमयाच्या गोष्टीत एक बारकावा आहे. लोक त्याला गप्प बसवत होते आणि येशूने मात्र त्याला जवळ बोलावून काय हवे ते विचारले. मनोरमाबाईंनी ब्रेल शिकून घेतली आणि अंध मुलींना शिकवली. ज्या मुलींना कुणी अक्षर दाखवलेले नव्हते त्या बोटांनी शास्त्र वाचू लागल्या, आणि त्यांतल्या काही पुढे इतरांना शिकवू लागल्या. दया करून दोन घास घालणे आणि त्या माणसाला काय हवे ते विचारणे यांत फरक आहे, आणि तो फरक हे घर पाळत होते.

१९०५ साली मुक्तीत झालेल्या संजीवनाची, म्हणजे आध्यात्मिक जागृतीची, चर्चा जगभर झाली. वेल्समधल्या जागृतीच्या वार्ता येत होत्या. जानेवारीपासून प्रार्थनागट जमू लागले आणि जूनच्या अखेरीस मुली रडत, पापे कबूल करत, तासन्‌तास प्रार्थना करू लागल्या. मिनी अ‍ॅब्रम्स या सहकारिणीने त्यावर पुस्तिका लिहिली. तिची प्रत चिलीतल्या वाल्पाराइसो इथे तिच्या जुन्या वर्गमैत्रिणीकडे पोचली आणि तिथल्या पेंटेकोस्टल चळवळीचा एक धागा असा केडगावशी जुळला. अभ्यासकांना हा भाग मोठा वाटतो आणि तो मोठा आहेच. मला मात्र त्यानंतरचे दिवस अधिक मोलाचे वाटतात. मुली टोळ्या करून आसपासच्या गावांत जाऊ लागल्या, वचन सांगू लागल्या, परतून पुन्हा मागावर आणि शेतावर रुजू होऊ लागल्या. प्रार्थनेत वाहिलेले अश्रू सोमवारच्या कामात टिकतात की नाही, हे त्या वसतीत सगळ्यांना रोज दिसत होते.

याच वर्षांत रमाबाईंनी सगळ्यात लांबचे काम हाती घेतले. प्रचलित मराठी बायबल खेड्यातल्या बाईला जड जाते, असे त्यांचे मत होते. म्हणून मूळ इब्री आणि ग्रीक भाषा शिकून त्यांनी संपूर्ण शास्त्राचे साध्या मराठीत भाषांतर करायला घेतले. वय पन्नाशीकडे झुकलेले, कान मंदावलेले, वसतीचा सगळा भार डोक्यावर. तरीही शेवटपर्यंत, म्हणजे जवळजवळ दीड तप, हे काम चालले.

छपाईही मुक्तीच्याच छापखान्यात, मुलींच्या हातून झाली. देवनागरीचे खिळे जुळवणे म्हणजे काय, हे आजच्या वाचकाला सांगायला हवे. साध्या अक्षरांखेरीज जोडाक्षरांचे, काना-मात्रांचे, रफारांचे वेगळे खिळे असतात आणि ते लाकडी केसच्या शेकडो कप्प्यांत ठरल्या जागी ठेवलेले असतात. जुळणी करणारी एका हातात धातूची स्टिक धरते, दुसऱ्या हाताने एकेक खिळा उचलून लावते, आणि लागलेली ओळ तिला उलटी वाचावी लागते. एक अनुस्वार चुकला तर प्रुफात सापडेपर्यंत तो ओळीत बसून राहतो. मग चिमट्याने खिळा उपसायचा, नवा बसवायचा, ओळ पुन्हा घट्ट करायची. दुष्काळात आईबाप गमावलेल्या, इथे येईपर्यंत अक्षर न पाहिलेल्या मुलींनी उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंतचे शास्त्र असे अक्षराअक्षराने हाताळले. वचनाचे इतक्या सावकाश केलेले वाचन मला दुसरे ठाऊक नाही.

जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. त्यांच्याच पुढाकाराने गुलबर्ग्याला शाळा निघाली होती आणि आईनंतर मुक्तीची धुरा त्याच घेणार होत्या. लेक गेल्यावरही रमाबाई मुद्रिते तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे देहावसान झाले. छापील संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर आले. त्याचा प्रसार मर्यादितच राहिला आणि मंडळ्यांमधून बायबल सोसायटीचीच आवृत्ती वाचली जाते. या भाषांतराकडे मराठी ख्रिस्ती समाजाने जितके लक्ष द्यायला हवे होते तितके दिले नाही, याची मला खंत आहे.

आपल्या घरोघरी भरणाऱ्या बायबल अभ्यासाच्या बैठकांत मी अनेक वर्षे बसत आलो आहे. अध्याय वाचला जातो, प्रश्नांची उत्तरे दिली जातात, कुणीतरी सुरेल गीत म्हणते, चहा होतो. त्या बैठकांनी मला पुष्कळ दिले आहे. पण मत्तयाचा पंचविसावा अध्याय वाचून उठताना, वस्तीतल्या नवऱ्याने टाकलेल्या बाईच्या या महिन्याच्या भाड्याचे काय, हा प्रश्न फार क्वचित निघतो. मुक्तीत तो टाळता येत नव्हता, कारण ती बाई शेजारच्या चटईवर बसलेली असे. आपल्याला तिला बोलवावे लागेल, किंवा बैठकच तिच्या घरी भरवावी लागेल. काही मंडळ्यांतल्या स्त्रियांनी हे सुरू केले आहे. वाचन झाले की कोणाकडे कोण जाणार, कोणाबरोबर दवाखान्यात कोण थांबणार, हे त्या तिथेच ठरवून उठतात.

मुक्ती मिशन आजही केडगावलाच आहे. रमाबाईंनंतर काही काळ परदेशी सहकारिणींनी ते सांभाळले. आता काम भारतीय हाती आहे. निराधार स्त्रिया, अनाथ आणि अपंग मुले, वृद्धा यांना तिथे घर मिळते. शाळा चालते आणि दवाखाना गावातल्या व आसपासच्या लोकांसाठीही उघडा असतो. काळ बदलला तशी बालसंगोपनाची सरकारी नियमावली आली आणि शेकडो मुलींच्या मोठ्या दालनांऐवजी लहान गटांत, एका आईच्या देखरेखीखाली मुलांना वाढवण्याकडे अशा संस्थांचा कल झाला. दुष्काळातली पोरकी मुलगी आता क्वचित येते. तिच्या जागी घरच्यांनी नको म्हटलेले अपंग मूल येते, किंवा मारहाणीतून निसटलेली बाई येते, आणि त्यांच्यासाठी आधी अंथरूण-पांघरूण आणि गरम जेवणाची सोय होते.