एकटीपुरतं स्वयंपाकघर

आईचं स्वयंपाकघर नव्यानं करायचं म्हणून मी लॅपटॉपवर आराखडा काढला. ओटा, सिंक, फ्रिज. तिची पावलं कमीत कमी पडावीत असा.

हे गणित जुनंच निघालं. १९२६ साली फ्रँकफर्टमधल्या नव्या वसाहतींसाठी मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी रेल्वेच्या डायनिंग कारमधलं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर ठेवून जेमतेम १.९ बाय ३.४ मीटरचं स्वयंपाकघर आखलं. तशी सुमारे १०,००० बसवली गेली. आजचं मॉड्युलर किचन त्याच वंशातलं. हेतू बायकांचे कष्ट वाचवण्याचा होता. पण आत एकीलाच वावरता येई. पुढे टीका झाली ती यावरच.

माझा आराखडा बघून आई म्हणाली, "छान आहे. पण तू कांदा चिरायला कुठे उभा राहणार?"

फ्रिज सरकवला. पावलं वाढली.