दाहविकारांतील सूक्ष्मपोषक न्यूनता

संधिवाताभ संधिशोथ, क्षयरोग, आतड्याचा क्रोन विकार अशा रोगांत दाह, म्हणजे इजा किंवा संसर्ग यांविरुद्ध उठणारी शरीराची संरक्षक प्रतिक्रिया, दीर्घकाळ शमत नाही आणि त्या काळात लोह, जस्त, फोलेट, ब–१२ व ड जीवनसत्त्व यांची उणीव पडते. अपुरा आहार, सदोष शोषण आणि अतिसार वा रक्तस्रावातून होणारा ऱ्हास ही तिची कारणे आहेतच; परंतु साठा असूनही तो वापरता न येणे, या कारणामुळे ती साध्या कुपोषणाहून वेगळी ठरते.

लोहाच्या बाबतीत हे स्पष्ट दिसते. दाहात स्रवणाऱ्या इंटरल्यूकिन-६ या संदेशवाहक प्रथिनामुळे यकृतात हेपसिडिन हे संप्रेरक अधिक तयार होते. ते पेशींतून लोह बाहेर सोडणारी वाट बंद करते, त्यामुळे आतड्यातून होणारे शोषण घटते, जुन्या रक्तपेशी गिळणाऱ्या महाभक्षक पेशींतील लोह तेथेच अडकते आणि अस्थिमज्जेला ते न मिळाल्याने रक्तक्षय होतो. लोह साठवणारे फेरिटिन हे प्रथिन दाहात आपोआप वाढत असल्याने तपासणीही फसवी ठरू शकते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शिकेत प्रौढांसाठी लोहन्यूनतेची मर्यादा निरोगी अवस्थेत लिटरमागे १५ मायक्रोग्रॅम, तर दाह वा संसर्ग असताना ७० मायक्रोग्रॅम धरली आहे. रक्तातील जस्तही दाहात यकृताकडे वळते व त्याची पातळी उतरते.

उरलेल्या उणिवा रोगाच्या जागेवर व औषधांवर अवलंबून असतात. ब–१२ लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषले जात असल्याने तो भाग क्रोन विकाराने ग्रासल्यास त्याची कमतरता येते. संधिवाताभ संधिशोथात दिले जाणारे मेथोट्रेक्झेट हे औषध फोलेटच्या कार्यात अडथळा आणते, म्हणून त्यासोबत फोलिक आम्ल देतात. दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडांनी हाडे ठिसूळ होतात, त्यामुळे ड जीवनसत्त्वाची उणीव तेव्हा अधिक जाचते.

रोजच्या आहाराचाही यात वाटा असतो. परभणी जिल्ह्यातील सोनपेठसारख्या भागात ज्वारीची भाकरी हा जेवणाचा पाया आहे. ज्वारीतील फायटेट हे संयुग लोह व जस्त बांधून ठेवते आणि जेवणावर लगेच घेतलेला चहा त्यात भर घालतो. उलट जेवणातील लिंबू, पेरू किंवा आवळा यांतील क जीवनसत्त्वाने वनस्पतिजन्य लोहाचे शोषण वाढते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने २०१८ मध्ये प्रसारित केलेल्या ‘परभणी शक्ती’ या ज्वारीत किलोमागे सुमारे ४५ मिलिग्रॅम लोह व ३२ मिलिग्रॅम जस्त आहे; सामान्य वाणांत हे प्रमाण अनुक्रमे ३० व २० च्या आसपास असते.

मात्र हेपसिडिन चढलेले असताना भाकरीतील काय किंवा गोळीतील काय, लोह पुरेसे शोषले जात नाही. म्हणून मूळ रोग आटोक्यात आणणे हा पोषणोपचाराचाच भाग मानला जातो आणि आतड्याचा दाह सक्रिय असल्यास लोह शिरेतून देण्याला प्राधान्य असते. तरीही आहाराची गरज उरतेच; क्षयरुग्णांच्या आहारासाठी २०१८ मध्ये सुरू झालेल्या निक्षय पोषण योजनेतील दरमहा ५०० रुपयांचे साहाय्य नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाले असून, हे साहाय्य औषधोपचार चालू असेपर्यंत दिले जाते.